पहिला झटका आणि त्याचा साक्षीदार

चिरनेरचे नाव काढले की २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह डोळ्यांपुढे उभा राहतो. त्या काळी हे गाव पनवेल तालुक्यात होते, आता ते उरण तालुक्यात आहे. तो इतिहास आपण जाणताच. मी आज सांगणार आहे तो इतिहास घरातल्या पडवीत घडत आलेला आहे. खेळते मूल एकाएकी पडते, डोळे फिरवते, हातपाय झटकते, तोंडाला फेस येतो. माणसे धावतात. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी वहाण हुंगवतो, कोणी दातांत चमचा खुपसतो. बहुधा दोन-तीन मिनिटांत झटका आपला आपणच थांबतो, आणि श्रेय मात्र कांद्याला मिळते!

मुलाला काहीतरी ‘धरते’ ही कल्पना एकट्या भगताची नव्हे. सुश्रुतसंहितेतील नऊ बालग्रहांत ‘स्कंदापस्मार’ नावाचा ग्रहच आहे. चरकाने निराळी वाट धरली. स्मृती नाहीशी होणे तो अपस्मार, असे सांगून त्याने दोषांवरून त्याचे चार प्रकार केले. त्याची औषधे बाजूला ठेवली, तरी एक सूचना अजून ताजी आहे : अशा रोग्याला पाणी, अग्नी, झाड आणि डोंगर यांपासून सदैव जपावे. विहीर, चूल आणि डोंगर ज्यांच्या दाराशी आहेत, त्यांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको. ग्रीसमध्येही इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिप्पोक्रेटीसच्या नावावरील ग्रंथाने, हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे बजावले होते.

गुणकारी औषध मिळायला मात्र १८५७ साल उजाडावे लागले. लंडनच्या लोकॉकने ब्रोमाइडचा गुण सांगितला. १९१२ मध्ये जर्मनीत हौप्टमानला झोपेच्या एका नव्या औषधाने झटके कमी होतात असे आढळले; तेच फेनोबार्बिटोन. १९२९ मध्ये बर्गरने मेंदूतील विजेचा आलेख प्रसिद्ध केला. आता निदान यंत्रच करील, असे लोकांना वाटू लागले. पण आलेख निर्दोष आला म्हणून अपस्मार नाही असे ठरत नाही.

आणि चुकीच्या निदानाची किंमत थोडी नव्हती. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके विवाहाच्या आड आणले गेले. तो शब्द १९९९ मध्ये निघाला. मधली तेवीस वर्षे मुलीच्या कपाळी ‘फेफरे’ हा शिक्का बसणे म्हणजे काय होते, हे आईबापांना विचारावे. कायद्यातून शब्द गेला; सोयरिकीच्या बैठकीतून तो गेला असे मला वाटत नाही.

म्हणून पहिल्या झटक्यानंतर घाई नको. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला तापात आकडी येते, तो बहुधा अपस्मार नसतो. रडता रडता श्वास कोंडून मूल निळे पडते, किंवा उन्हात उभे राहून भोवळ येते, तेही फेफरे नव्हे. उलट, तापाबरोबर मान ताठ झाली किंवा मूल शुद्धीवर येईना, तर मेंदूज्वराची शंका घ्यावी. कधी कारण पट्टकृमीच्या अंड्यांतून मेंदूत झालेली गाठ हे निघते, आणि ती चित्रात दिसते. ताप वगैरे निमित्त नसताना एकच झटका आलेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना पुन्हा येतच नाही. म्हणून पहिल्याच झटक्यावर वर्षानुवर्षांचे औषध सहसा सुरू करीत नाहीत.

डॉक्टरांनी तो झटका पाहिलेला नसतो. पाहिलेला असतो आजीने, नाहीतर शाळेतल्या बाईंनी. डोळे कोणत्या बाजूला वळले, आधी कोणता हात हलला, किती वेळ चालले, नंतर मूल झोपी गेले का, एवढेच ते विचारतात. कांदा शोधायला गेलेल्या माणसाला यातले काहीच सांगता येत नाही. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांपलीकडे गेला, तर गाडी काढावी. हातात मोबाईल असेल तर दुसऱ्याने चित्रण करून ठेवावे. ते दवाखान्यात फार उपयोगी पडते.