दो आँखें बारह हाथ (चित्रपट)

दो आँखें बारह हाथ हा १९५७ साली प्रदर्शित झालेला हिंदी चित्रपट आहे. व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर या संस्थेतर्फे त्याची निर्मिती व दिग्दर्शन केले आणि त्यात प्रमुख भूमिकाही केली. कथा व संवाद ग. दि. माडगूळकर यांचे, गीते भरत व्यास यांची, तर संगीत वसंत देसाई यांचे आहे. चित्रपटाची प्रेरणा सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या कारागृहाची आहे. पुढे तमिळ व तेलुगू भाषांत या चित्रपटाच्या पुनर्निर्मिती झाल्या.

पार्श्वभूमी

आटपाडीचा दुष्काळी परिसर स्वातंत्र्यापूर्वी औंध संस्थानात होता. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात येथे एक प्रयोग सुरू झाला. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्या कैद्यांना तुरुंगाच्या भिंतीबाहेर आणून शेतीच्या कामावर ठेवावे आणि पहाऱ्याऐवजी विश्वासावर भर द्यावा, ही त्यामागील कल्पना होती. याच काळात, १९३९ मध्ये, महात्मा गांधी यांच्या मार्गदर्शनाने औंधमध्ये जबाबदार राज्यपद्धतीची घटनाही लागू झाली.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर आटपाडीचा समावेश दक्षिण सातारा जिल्ह्यात झाला. १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली असे झाले. माडगूळकरांचा जन्म याच तालुक्यातील शेटफळे येथे १९१९ साली झाला. त्यामुळे कथालेखकाला हा मुलूख आणि तेथील माणसे जवळून परिचित होती.

कथानक

आदिनाथ हा तुरुंगाधिकारी खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत असलेल्या सहा कैद्यांना एका ओसाड शेतावर नेतो. बेड्या नाहीत, शस्त्रधारी पहारेकरी नाहीत. एकदा कैदी पळून जाण्याचा प्रयत्न करतात. परंतु आदिनाथाचे डोळे आपल्याकडे पाहत आहेत या जाणिवेने ते परत फिरतात. श्रमाने पिकवलेली भाजी ते वाजवी भावात विकू लागल्यावर बाजारातील व्यापारी त्यांच्यावर उलटतात. शेताचा विध्वंस थांबविताना बैलाशी झालेल्या झुंजीत आदिनाथ मृत्युमुखी पडतो. खेळणी विकणाऱ्या चंपाची भूमिका संध्या यांनी केली आहे. शीर्षकातील दोन डोळे आदिनाथाचे आणि बारा हात सहा कैद्यांचे होत.

निर्मिती व पुरस्कार

बैलाशी झुंजीच्या चित्रीकरणात शांताराम यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि काही काळ दृष्टी जाण्याची भीती निर्माण झाली. त्यातून बरे झाल्यावर त्यांनी १९५९ मध्ये ‘नवरंग’ हा रंगीत चित्रपट सादर केला. ‘दो आँखें बारह हाथ’ला सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटासाठीचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. १९५८ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात त्यास रौप्य अस्वल, तर गोल्डन ग्लोब सोहळ्यात सॅम्युअल गोल्डविन पुरस्कार प्राप्त झाला. लता मंगेशकर यांनी गायिलेली त्यातील प्रार्थना पुढे अनेक शाळांतून म्हटली जाऊ लागली.

पुनर्निर्मिती

एकच कथा अनेक भाषांत सादर करण्याची रीत शांताराम यांना नवी नव्हती. १९३७ मध्ये प्रभात फिल्म कंपनीसाठी त्यांनी ‘कुंकू’ मराठीत आणि ‘दुनिया न माने’ हिंदीत केला होता. मात्र ती एकाच वेळी घडविलेली द्विभाषिक निर्मिती होती. ‘दो आँखें बारह हाथ’च्या पुनर्निर्मिती सुमारे दोन दशकांनंतर, वेगळ्या प्रदेशात व इतर कलावंतांकडून झाल्या.

तमिळमधील ‘पल्लांडु वाळ्गा’ १९७५ मध्ये के. शंकर यांच्या दिग्दर्शनाखाली प्रदर्शित झाला. त्यात तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका एम. जी. रामचंद्रन यांनी केली, तर एम. एन. नंबियार व पी. एस. वीरप्पा हे खलनायकी भूमिकांसाठी प्रसिद्ध असलेले नट कैद्यांच्या भूमिकांत होते. तेलुगूमधील ‘मा दैवम्’ १९७६ मध्ये आला. त्याचे नायक एन. टी. रामाराव होते.

शीर्षकांतील फरक लक्षणीय आहे. मूळ शीर्षकात कोणाचाही गौरव नाही. केवळ डोळ्यांची व हातांची संख्या आहे. तमिळ शीर्षक दीर्घायुष्याचा आशीर्वाद देते, तर तेलुगू शीर्षकाचा अर्थ ‘आमचे दैवत’ असा होतो. दोन्ही नायक आपापल्या प्रदेशात अफाट लोकप्रिय होते. रामचंद्रन १९७७ मध्ये तमिळनाडूचे आणि रामाराव १९८३ मध्ये आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. मूळ शीर्षकातील कैद्यांचे श्रमणारे हात पुनर्निर्मितींच्या शीर्षकांत उरले नाहीत.

स्वतंत्रपूर

ज्या प्रयोगावरून ही कथा सुचली ती वसाहत पुढे महाराष्ट्र शासनाच्या कारागृह विभागाकडे आली. तेथे कैद्यांना कुटुंबासह राहून शेती करण्याची मुभा असते. चित्रपटाने मात्र एक अधिकारी व सहा कैदी यांच्या नात्यावर भर दिला. आदिनाथाच्या मृत्यूनंतर त्याच्या विश्वासाचे काय होते, हा चित्रपटाच्या शेवटाचा प्रश्न आहे. संस्थापकांच्या पश्चातही चालू राहिलेले स्वतंत्रपूर हे त्याचे प्रत्यक्षातील उत्तर मानता येते.