कात्री आणि कायद्याचे पुस्तक

लेकाकडे न्यू जर्सीला राहायला गेले होते, तेव्हा नातीच्या दप्तरातून आठवड्याला एक तरी चित्रपुस्तक घरी येई. नात दुसरीत. तिकडे 1987 सालापासून मार्च हा स्त्रियांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळतात. त्यामुळे त्या महिन्यात पऱ्या आणि अस्वले मागे पडली आणि पुस्तकांतून लांब झग्यातल्या, रुंद टोपांच्या बायका घरात येऊ लागल्या. रात्रीची जेवणे आटोपली की पुस्तक माझ्या मांडीवर आणि पोर माझ्या कुशीत, असा आमचा नेमच होऊन गेला. इंग्रजी तिचे, चष्मा माझा.

एक दिवस ती शाळेतून फुरंगटूनच आली. बाईंनी वर्गात मतदान घेतले होते, खाऊला काय हवे यावर. पण मत फक्त मुलग्यांनी द्यायचे. मुलग्यांनी जे निवडले ते हिला मुळीच आवडत नव्हते. "आजी, आम्ही ओरडलो, तरी बाई नुसत्या हसल्या!" मग बाईंनी पुस्तक उघडले म्हणे. सात वर्षांच्या जिवाला हक्क म्हणजे काय ते सांगून कळत नाही; खाऊ हुकला की लगेच कळते. त्या बाईंचे मला कौतुक वाटले.

ते पुस्तक होते एलिझाबेथ केडी स्टॅन्टनचे. टान्या ली स्टोन यांनी लिहिलेले, रिबेका गिबन यांच्या चित्रांचे, 2008 सालचे. एलिझाबेथ 1815 साली न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन्सटाउन गावी एका न्यायाधीशाच्या घरी जन्मली. तिचा भाऊ ऐन तारुण्यात गेला, तेव्हा दुःखात बुडालेले वडील तिला म्हणाले की तू मुलगा असतीस तर किती बरे झाले असते. हे मी वाचून दाखवले आणि क्षणभर थांबले. आपल्याकडे हे वाक्य किती घरांत बोलले गेले असेल! त्यासाठी समुद्र ओलांडायची काही गरज नव्हती.

पण माझ्या मनात जी गोष्ट रुतून बसली, ती एलिझाबेथने आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. वडिलांकडे एक म्हातारी शेतकरीण रडत आली. तिच्या पैशाने घेतलेले शेत नवऱ्याने मृत्युपत्रात मुलाला देऊन टाकले होते, आणि मुलगा आता तिला विचारत नव्हता. न्यायाधीशांनी कपाटातून पुस्तक काढून तिला कायदा दाखवला : बाई, यात काही करता येत नाही. कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या पोरीने ठरवले की ही दुष्ट कलमे कात्रीने कापूनच टाकायची. तिने पेन्सिलीने खुणासुद्धा करून ठेवल्या. वडिलांना हे कळले तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी समजावले, की वकील पुष्कळ आहेत, ग्रंथालये पुष्कळ आहेत. माझी सगळी पुस्तके जळाली तरी कायदा तसाच राहील. तू मोठी झालीस की ऑल्बनीला जा आणि कायदे करणाऱ्यांना सांग. पुढे 1854 साली स्त्रियांच्या हक्कांविषयीचे तिचे निवेदन त्याच ऑल्बनीच्या विधिमंडळापुढे ठेवले गेले.

नातीला ही गोष्ट मी मराठीत सांगितली. तिने ताबडतोब विचारले, "आणि मग तिने मत दिलं?"

नाही दिले. 1848 सालच्या जुलैत सेनेका फॉल्स या गावी सुमारे तीनशे माणसे जमली. मताधिकाराचा ठराव तिनेच मांडला. तो ऐकून आपलेच लोक बिचकले. पण गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस तिच्या बाजूने उभे राहिले आणि ठराव तरला. जाहीरनाम्यावर शंभर जणांनी सह्या केल्या, अडुसष्ट स्त्रिया आणि बत्तीस पुरुष. देशभर मत मिळाले ते 1920 साली, म्हणजे बहात्तर वर्षांनी. एलिझाबेथ 1902 सालीच गेली होती. सह्या करणाऱ्यांपैकी एकटी शार्लट वुडवर्ड हयात होती, तिलाही आजारपणामुळे मतदानाला जाणे जमले नाही. चित्रपुस्तकात शेवटच्या पानावर झेंडे असतात, हसरे चेहरे असतात. हे तिथे कसे बसणार?

इथे माझी थोडी तक्रार आहे. मुलांसाठी लिहिणारे लोक इतिहासाला साखरेच्या पाकात फार घोळवतात. वायोमिंग प्रांताने 1869 साली, सगळ्यांच्या आधी, स्त्रियांना मत दिले. ती कहाणी नेहमी चहाच्या मेजावरून सांगितली जाते. एस्थर मॉरिस नावाच्या धिप्पाड बाईने दोन्ही उमेदवारांना चहाला बोलावले आणि कायदा करण्याचे वचन घेतले, अशी. मोठी गोड कहाणी. पण ती छापून आली 1919 साली, पन्नास वर्षांनी, आणि इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. एस्थर 1870 साली न्यायासनावर बसली, ती त्या देशातली पहिली स्त्री दंडाधिकारी, हे मात्र अगदी खरे. खरे एवढे चांगले असताना चहा कशाला हवा?

टेनेसीची कथा तर अशी की कादंबरीकाराने रचली असती तर टीकाकारांनी त्याला हसून सोडून दिले असते. घटनादुरुस्तीला छत्तीस राज्यांची संमती हवी, पस्तीस झालेली. 18 ऑगस्ट 1920. ठराव बाजूला टाकण्याच्या सूचनेवर अठ्ठेचाळीस विरुद्ध अठ्ठेचाळीस. विरोधकांचे लाल गुलाब कोटाला लावून बसलेला चोवीस वर्षांचा हॅरी बर्न, आणि त्याच्या खिशात आईचे पत्र : शहाण्या मुलासारखा वाग आणि बायकांच्या बाजूने मत दे. त्याने दिले. एलिसा बॉक्सर यांचे 2020 सालचे चित्रपुस्तक त्या आईवरच आहे. फक्त बॅंक्स टर्नर नावाच्या दुसऱ्या सभासदाचे मतही तितकेच मोलाचे ठरले, त्याची मात्र कोणाला आठवण नाही. त्याच्या खिशात पत्र नव्हते, त्याला काय करणार!

लहान मुलांना कडू सांगू नये असे पुष्कळांचे मत. मी ते करून पाहिले. ज्या न्यू जर्सीत आम्ही बसलो होतो, तिथे 1776 सालच्या राज्यघटनेने पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या स्त्रियांनाही मत दिले होते. विधवा आणि अविवाहित बायका खरोखर मतदानाला जात. सवाष्णीच्या नावावर काही राहतच नसे. 1807 साली विधिमंडळाने तो हक्क काढून घेतला. "दिलेलं परत घेतलं?" नातीचे डोळे मोठे झाले. ती रडली नाही. तिने विचारले, "कोणी घेतलं?" तसेच 1913 सालच्या वॉशिंग्टनच्या मिरवणुकीचे. आयडा वेल्स ही काळी म्हणून तिला मागे चालायला सांगितले, तेही मिरवणूक काढणाऱ्या बायकांनीच. ती गर्दीत थांबली आणि आपल्या राज्याची तुकडी आल्यावर तिच्यात शिरली. जोना विंटर यांच्या पुस्तकातली म्हातारी लिलियन मत द्यायला उंच टेकडी चढते आणि वाटेत तिला आपल्या पूर्वजांवर लादलेल्या परीक्षा आणि कर आठवतात. दक्षिणेतल्या काळ्या स्त्रियांना मतपेटीपर्यंत पोचायला 1965 सालचा कायदा लागला. शेन इव्हान्स यांनी ती टेकडी अशी काढली आहे की पान उलटताना आपल्यालाच धाप लागावी.

मग नातीने साहजिकच विचारले, "आणि इंडियात?"

मी सांगितले, की मद्रास आणि मुंबई इलाख्यांत 1921 साली मत मिळाले, पण मालमत्तेच्या अटीवर; आणि 1950 सालच्या घटनेने ते सगळ्यांनाच दिले, न भांडता दिल्यासारखे वाटले तरी मागे खूप भांडण होते. तिला यात रस वाटला नाही. तिला चित्र हवे होते.

चित्र माझ्याजवळ होते. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीची यादी करायला माणूस दाराशी येतो. आतून बाई सांगते : अमक्याची आई, तमक्याची बायको. स्वतःचे नाव परक्याला सांगायचे नाही, ही रीत. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी आदेश दिला, की नाव नाही तर नोंद नाही. सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाख नावे, म्हणजे नसलेली नावे, यादीतून गळली. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या बाजूची. आपल्याकडे बाई नवऱ्याचे नाव घ्यायला लाजते आणि त्यासाठी उखाणे रचते. तिकडे स्वतःच्या नावालाच उखाणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी नातीने कागदावर यादी आखली. वहीसारख्या ओळी, प्रत्येक ओळीपुढे मतपेटीचा चौकोन, आणि दारात घुंगट घेतलेली बाई. खाली पेन्सिलीने तिने आईचे नाव लिहिले, माझे लिहिले. मग पेन्सिल माझ्या हाती देऊन म्हणाली, "आता तुझ्या आजीचं लिही."

मी पेन्सिल धरून बसले. लग्नात आजीचे नाव बदलले होते. माहेरचे नाव घरात कोणीच घेत नसे. मला ते तिच्या भावाच्या एका जुन्या पत्रावरून ठाऊक होते.

"कोणतं लिहू गं?"

"दोन का आहेत?" नात म्हणाली.

जागा पुरत नव्हती, तरी मी दोन्ही लिहिली.