दोस्त फौजा आणि समान लष्करी मानके : हैदराबाद कंटिंजंट व औरंगाबादची छावणी (१७९८ ते १९५१)

प्रस्तावना

दोन किंवा अधिक सत्ता युद्धासाठी एकत्र येतात तेव्हा त्यांच्यातील तह कागदावर पूर्ण झालेला असतो, पण त्यांच्या फौजा एक झालेल्या नसतात. शस्त्रे वेगळी असतात. हुकुमाचे शब्द, कवायत, पगाराची रीत आणि रसद पोचविण्याची व्यवस्था यांतही मेळ नसतो. ही तफावत भरून काढण्यासाठी मित्रराष्ट्रे जे समान नियम ठरवितात त्यांना आज 'लष्करी मानके' असे म्हटले जाते. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या नाटो संघटनेने १९५४ मध्ये ७.६२ मिलीमीटरचे समान काडतूस स्वीकारले, ते या प्रक्रियेचे सर्वपरिचित उदाहरण होय. मात्र हा प्रश्न विसाव्या शतकात निर्माण झालेला नाही. आजच्या छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे तत्कालीन औरंगाबादची छावणी या प्रश्नाची जवळजवळ दीडशे वर्षांची साक्षीदार आहे. निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या मैत्रीतून निर्माण झालेल्या हैदराबाद कंटिंजंटचे औरंगाबाद हे एक प्रमुख ठाणे होते.

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात कंटिंजंटचा उल्लेख प्रामुख्याने वऱ्हाडच्या आर्थिक शोषणाच्या संदर्भात येतो आणि तो योग्यच आहे. परंतु ही फौज म्हणजे दोन असमान मित्रांनी समान मानके घडविण्याचा व ती रणांगणावर तपासण्याचा एक दीर्घ प्रयोग होता, या अंगाने तिचा विचार फारसा झालेला नाही. प्रस्तुत शोधनिबंधात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने तीन प्रश्नांचा शोध घेतला आहे. मानके कोणी ठरविली? त्यांचा खर्च कोणी सोसला? आणि त्यांची कसोटी कोणी व कोठे घेतली?

पार्श्वभूमी : खर्डा ते असई

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनच्या सर्वच सत्तांना कवायती फौजेचे महत्त्व पटले होते. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी होत्या. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयनच्या हाताखाली कंपू उभारले, तर निजामाने फ्रेंच सेनानी रेमंड याच्याकडून पलटणी तयार करून घेतल्या. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत निजामाच्या बाजूने रेमंडच्या पलटणी लढल्या. पराभवानंतर निजामाने हे दल आणखी वाढविले. मात्र १ सप्टेंबर १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहाने चित्र पालटले. रेमंड त्याच वर्षी मार्चमध्ये मरण पावला होता. ऑक्टोबरमध्ये सुमारे १४ हजारांच्या या फ्रेंच दलाला निःशस्त्र करण्यात आले. म्हणजे मैत्रीच्या तहाचे पहिले लष्करी कलम प्रतिस्पर्धी मानक मोडीत काढण्याचे होते.

१८०० च्या तहाने तैनाती फौज ८ पायदळ पलटणी व २ घोडदळ रेजिमेंटांपर्यंत वाढली. तिच्या खर्चापोटी निजामाने म्हैसूरकडून मिळालेला मुलूख कंपनीला तोडून दिला. याशिवाय युद्धप्रसंगी निजामाने स्वतःचे ६ हजार पायदळ व ९ हजार घोडदळ पुरवावे असे ठरले. तहात संख्या स्पष्ट होती, परंतु गुणवत्ता मोघम होती. मोजायचे ते डोकी मोजून घ्यावे, शस्त्र आणि शिस्त यांविषयी मात्र काही बोलू नये, अशी ही रचना होती. पुढील सर्व वादांचे मूळ या त्रुटीत आहे.

या त्रुटीची कसोटी तीनच वर्षांत लागली. १२ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगर घेतल्यानंतर आर्थर वेलस्ली त्या महिन्याच्या अखेरीस औरंगाबादेत पोचला. २१ सप्टेंबरला बदनापूर येथे त्याची व कर्नल स्टीव्हन्सनची भेट झाली आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. वेलस्लीपाशी म्हैसूरचे व पेशव्यांच्या बाजूचे दोस्त घोडदळ होते. परंतु त्याने ते मुख्य हल्ल्यात न वापरता शत्रूच्या घोडदळावर नजर ठेवण्यासाठी कैतना नदीच्या दक्षिणेस ठेवले. ज्या मित्राची कवायत आपल्याशी जुळत नाही त्याला ऐन हल्ल्यात शेजारी उभे करता येत नाही, हा त्याचा अर्थ होय.

दुसऱ्या बाजूस हाच दोष अधिक तीव्र होता. शिंद्यांकडे पोलमनच्या हाताखालील कवायती पलटणी व उत्कृष्ट तोफखाना होता, बेगम समरूच्या पलटणीही होत्या. परंतु शिंदे व नागपूरकर भोसले यांचे घोडदळ आणि या पलटणी यांत समान हुकूमव्यवस्था नव्हती. कंपनीच्या जाहीरनाम्यामुळे शिंद्यांच्या चाकरीतील अनेक इंग्रज अधिकारी आधीच निघून गेले होते. कंपनीच्या बाजूने दीड हजारांहून अधिक माणसे मृत व जखमी झाली, यावरून शिंद्यांच्या तोफखान्याची ताकद लक्षात येते. तरीही लढाई हातची गेली. उत्तम मानकाची एखादी तुकडी असणे आणि संपूर्ण दोस्त सैन्याचे मानक एक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा असईचा धडा आहे.

रसेल ब्रिगेड व मानकांची घडण

१८०३ च्या मोहिमेत निजामाच्या स्वतःच्या फौजेविषयी इंग्रजांच्या तक्रारी वाढल्या. त्यांवर ठोस उपाय हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात झाला. १८१३ च्या सुमारास त्याने हैदराबादेत दोन पलटणी उभारल्या. त्यांचा पोशाख, शस्त्रे व कवायत कंपनीच्या फौजेप्रमाणे ठेवण्यात आली. या दलास 'रसेल ब्रिगेड' हे नाव पडले. १८१६ मध्ये इव्हान डेव्हिस याच्या हाताखाली निजामाच्या घोडदळाची पुनर्रचना सुरू झाली.

या सुधारणेतील सर्वांत परिणामकारक बाब बंदूक किंवा कवायत नव्हती, तर नियमित पगार ही होती. दरबारी फौजेत पगार महिनोन्महिने थकत असे आणि धरणे व बंडाळी ही वसुलीची रूढ साधने बनली होती. रसेलने वेळेवर पगार हे शिस्तीचे पहिले मानक मानले. घोडदळात शिलेदारी पद्धत कायम राहिली. स्वार स्वतःचे घोडे आणी आणि त्याबदल्यात ठरावीक वेतन घेई. जुनी पद्धत मोडून टाकण्याऐवजी घोड्याची प्रत, हजेरी व पाहणी यांचे नियम घट्ट करण्यात आले. गणती व हजेरी मराठी फौजांनाही अपरिचित नव्हती. फरक इतकाच, की आता हजेरीपटावरील नाव आणि मैदानावरील माणूस यांची पडताळणी करणारा अधिकारी वेतन घेणाऱ्या सरदाराहून वेगळा होता.

२१ डिसेंबर १८१७ च्या महिदपूरच्या लढाईत रसेल ब्रिगेड कंपनीच्या फौजेसोबत लढली. असईला दोस्त फौज नदीपलीकडे ठेवावी लागली होती. महिदपूरला निजामाच्या खर्चाने पोसलेल्या पलटणी कंपनीच्या बरोबरीने रांगेत उभ्या होत्या. चौदा वर्षांतील हा बदल लष्करी दृष्ट्या यशस्वी होता, यात शंका नाही. बोलारम, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) व एलिचपूर या ठाण्यांचे जाळे पुढे याच फौजेचे झाले.

खर्चाचा प्रश्न

लष्करी यशाची दुसरी बाजू हिशेबाच्या वहीत होती. मानके रेसिडेंटने ठरवावीत, अधिकारी इंग्रज असावेत आणि पैसा निजामाच्या खजिन्यातून यावा, अशी ही व्यवस्था होती. पगार एक दिवसही चुकता कामा नये हे मानक पाळण्यासाठी दरबाराने विल्यम पामर अँड कंपनी या पेढीकडून भारी व्याजाने कर्ज काढले. १८२३ मध्ये हे कर्ज फेडण्यासाठी उत्तर सरकार प्रांतापोटी कंपनीकडून मिळणारी वार्षिक ७ लाखांची पेशकश निजामास कायमची सोडावी लागली. तरीही थकबाकी वाढतच राहिली.

२१ मे १८५३ च्या तहाने या थकबाकीचा निकाल लावला. 'हैदराबाद कंटिंजंट' या नावाने किमान ५ हजार पायदळ, २ हजार घोडदळ व ४ तोफखाने ठेवण्याचे ठरले. तिच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव-नळदुर्ग हे प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६० मध्ये दुआब व नळदुर्ग परत मिळाले, परंतु वऱ्हाड गेले ते गेलेच. १८०० च्या तहात गुणवत्ता मोघम होती. १८५३ च्या तहात ती काटेकोर झाली आणि तिची किंमत म्हणून कापसाचा समृद्ध मुलूख द्यावा लागला.

कसोटी : १८५७

समान मानके शरीराला शिस्त लावतात, पण निष्ठेला लावतीलच असे नाही. १८०६ मध्ये वेल्लोर येथे नव्या पगडीच्या व दाढी, गंध इत्यादींविषयीच्या नियमांवरून शिपायांनी बंड केले होते. १८५७ मध्ये औरंगाबादेत प्रश्न पोशाखाचा नव्हता. लढायचे कोणासाठी आणि कोठे, हा तो प्रश्न होता. मोमिनाबादहून आलेल्या कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळात, आपल्याला दख्खनबाहेर उत्तरेकडे नेणार अशी बातमी पसरली आणि जून महिन्यात असंतोष उफाळून आला. निजामाची चाकरी करणाऱ्याने दिल्लीच्या बादशहाविरुद्ध का लढावे, हा स्वारांच्या मनातील सल होता. जनरल वुडबर्नची पलटण पुण्याहून येऊन पोचली. कवायतीच्या मैदानावर स्वारांना उभे करून संशयितांची नावे वाचण्यात आली आणि त्यानंतर कठोर शिक्षा झाल्या. मीर फिदा अली याला फाशी देण्यात आली. शहरातील क्रांती चौकाचा काळा चबुतरा या हौतात्म्याची आठवण जपतो.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. त्याच छावणीतील सर्व दले उठावात उतरली नाहीत. पुढे १८५८ मध्ये कंटिंजंटच्या तुकड्या सर ह्यू रोजच्या सैन्याबरोबर मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने लढल्या. लष्करी कसोटीवर फौज उतरली, परंतु ज्या मित्राच्या नावाने ती उभी होती त्याच्याशी तिचा संबंध नाममात्रच उरला.

कंटिंजंट ते संस्थानी फौजा

१८५७ नंतर समान मानकांतही जाणीवपूर्वक असमानता ठेवण्यात आली. तोफखाना बहुतांशी गोऱ्यांच्या हाती राहिला आणि हिंदी पलटणींना सामान्यतः एक पिढी जुनी बंदूक मिळू लागली. १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांवर कायम पट्ट्याने इंग्रजांकडे गेले आणि १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली. तिच्या पायदळ पलटणींतून पुढे १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली. १९४५ मध्ये तिला कुमाऊँ हे नाव मिळाले.

याच्या समांतर १८८९ पासून 'इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्स' ही निराळी योजना सुरू झाली. येथे फौज संस्थानाचीच, सेनापती संस्थानचा आणि इंग्रज अधिकारी केवळ पाहणी व प्रशिक्षणासाठी, अशी विभागणी होती. कंटिंजंटच्या तुलनेत मालकी व पाहणी वेगळी ठेवणारी ही रचना अधिक संतुलित होती. हैदराबादने लान्सर्सची दोन दले उभारली. त्यांपैकी पहिले दल १९१४ मध्ये इजिप्तला गेले आणि म्हैसूर, जोधपूर इत्यादी संस्थानांच्या स्वारांबरोबर एकाच ब्रिगेडमध्ये लढले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी याच ब्रिगेडच्या जोधपूर व म्हैसूरच्या स्वारांनी हैफा जिंकले. दिल्लीतील तीन मूर्ती स्मारक जोधपूर, म्हैसूर व हैदराबाद या तीन दलांचे आहे. एकमेकांशी कधीही तह न केलेल्या संस्थानांचे स्वार एका हुकुमावर एकत्र धावू शकले, हे समान मानकांचे निर्विवाद यश होय.

१९२० नंतर संस्थानी फौजांची 'अ', 'ब' व 'क' अशी प्रतवारी झाली. 'अ' वर्गाची रचना व शस्त्रे हिंदी लष्कराप्रमाणे होती. 'ब' वर्ग शिस्तीत फारसा मागे नसला तरी त्याची रचना जुनी होती, तर 'क' वर्ग कायम खडा नसे. दुसऱ्या महायुद्धात निजामाची पहिली हैदराबाद पलटण डिसेंबर १९४१ मध्ये मलायातील कोटा भारू येथे विमानतळाच्या संरक्षणासाठी होती. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय फौजा औरंगाबादेत शिरल्या. तेव्हा समोर आलेल्या दोन्ही फौजांची कवायत एकाच परंपरेतील होती. १९५१ पर्यंत संस्थानी फौजांचे भारतीय लष्करात विलीनीकरण पूर्ण झाले.

निष्कर्ष

१) मित्रांच्या फौजांत समान मानकांची गरज खरी होती. असई व महिदपूर यांची तुलना ते स्पष्ट करते.

२) शस्त्रे व कवायत यांइतकेच वेळेवर पगार व विश्वसनीय हजेरी हे मानकांचे मूलभूत घटक ठरले.

३) मानके ठरविणारा व तपासणारा एक आणि खर्च सोसणारा दुसरा, अशी विभागणी झाल्यास मैत्रीचे रूपांतर परावलंबनात होते. वऱ्हाडचा इतिहास हा त्याचा पुरावा आहे.

४) समान कवायतीने समान निष्ठा निर्माण होत नाही. औरंगाबादच्या स्वारांनी १८५७ मध्ये विचारलेला प्रश्न लष्करी नियमावलीच्या कक्षेबाहेरचा होता.

५) १८८९ ची योजना कंटिंजंटपेक्षा कमी खटक्याची ठरली, कारण तिच्यात फौजेवरील मालकी मित्राकडेच राहिली.

आज भारतीय लष्कर अनेक देशांबरोबर संयुक्त युद्धसराव करते आणि संपर्कव्यवस्था, रसद व दारूगोळा यांच्या सुसंगतीचे प्रश्न पुन्हा चर्चेत येतात. अशा वेळी नियम कोणाचे, पाहणी कोणाची आणि पैसा कोणाचा, हे तीन प्रश्न तहापूर्वीच विचारले गेले पाहिजेत. तहानंतर ते विचारण्याची किंमत काय असते, हे मराठवाडा व वऱ्हाड यांनी पन्नास नव्हे तर शंभर वर्षे अनुभवले आहे.