'सगळेच पितात' हे कोणी शिकवलं?

प्रश्नपत्रिका काढताना आम्ही मास्तर लोक एक पथ्य पाळायचो. प्रश्नातच उत्तर फुटता कामा नये. व्यसनांच्या पाहणीत मात्र हे पथ्य सहज मोडतं. 'तुझे किती मित्र दारू पितात?' असं विचारलं, की कोणीतरी पितोच हे मुलानं धरून चालायचं.

१९८५ साली जर्मनीतल्या नॉर्बर्ट श्वार्त्स आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विषय दारूचा नव्हे, टीव्हीचा. रोज किती वेळ बघता? एका गटाला 'अर्ध्या तासापर्यंत' ते 'अडीच तासांहून जास्त' असे पर्याय दिले. दुसऱ्या गटाचे पर्याय अडीच तासांपासूनच सुरू. पहिल्या गटात अडीच तासांहून जास्त बघणारे निघाले १६.२ टक्के, दुसऱ्यात ३७.५! मधला पर्याय म्हणजे चारचौघांचं प्रमाण, असं माणूस समजतो. म्हणजे प्रश्नावली नुसती माहिती घेत नाही, देतेही.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या पर्किन्स आणि बर्कोविट्झ यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी कॉलेजच्या मुलांना दारूबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारले होते. तुझं मत काय, आणि इथल्या बाकीच्यांचं काय? बाकीचे आपल्यापेक्षा जास्त सैल आहेत, असा मुलांचा समज निघाला. २००३ मध्ये बोर्सारी आणि कॅरी यांनी अशा २३ अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला. ही तफावत किती दिसते, ते 'बाकीचे' म्हणजे कोण आणि प्रश्न किती नेमका, यावरही अवलंबून असतं, असं त्यात आढळलं. जवळच्या मित्राबद्दल अंदाज बरा येतो, अनोळखी विद्यार्थ्यांबद्दल फुगतो.

आता आपलं लातूर बघा. खेड्यातून क्लाससाठी आलेलं पोर नव्या रूमवर राहतं. त्याच्यासाठी सगळेच अनोळखी. त्याला 'इतर विद्यार्थी किती पितात?' विचारलं, तर ते ऐकीव गोष्टच लिहिणार. आणि एकटं पडू नये म्हणून उद्या ग्लासही हातात घेणार.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातले पंधरा वर्षांवरचे १३.९ टक्के पुरुष दारू घेतात, असं आढळलं. घरी येऊन विचारल्यावर काही जण लपवतील, हे मान्य. तरी 'सगळेच' आणि सातात एक, यात केवढं अंतर आहे!

म्हणून शाळा-कॉलेजांना एवढंच सांगणं. आधी 'तू घेतोस का?' विचारा, नाव न लिहिता. मग 'तुझ्या वर्गातले किती घेत असतील?' विचारा. आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. पुढचं गणित मुलं आपणच सोडवतील.