तळटीप : ठासणीची रायफल

* ठासणीची रायफल : तोंडाकडून दारू-गोळी भरून गजाने ठासायची, पण नळीत आतून पीळ पाडलेली बंदूक. गोळी पिळात घट्ट बसली तरच नेम लागे. आणि घट्ट गोळी खाली उतरवणे हेच शिपायाचे मोठे कष्ट. १८०० साली ब्रिटिश फौजेत आलेल्या बेकर रायफलीबरोबर सुरुवातीला लाकडी मोगरीच दिली जाई. शिपाई चरबी लावलेल्या चामड्याच्या तुकड्यावर गोळी ठेवी, मोगरीने ठोकून ती तोंडात बसवी, मग गज दाबी. ते तुकडे ठेवायला दस्त्यात पितळी झाकणाची डबी होती. नळी ३० इंचांची, साध्या बंदुकीपेक्षा ९ इंच आखूड. झाडीतून वागवायला त्यामुळे पुष्कळ सोयीची. खरी सुटका मात्र १८४९ मध्ये फ्रेंच कॅप्टन मिनिए यांच्या गोळीने झाली. नळीपेक्षा किंचित बारीक, बुडाशी पोकळ अशी ही गोळी गजाने सहज उतरे आणि बार उडताच फुगून पिळात बसे. १८५३ च्या एनफील्डचे काडतूस याच तत्त्वावरचे. १८५७ मध्ये शिपायांच्या मनात जिची धास्ती बसली ती त्यावरची चरबी, गोळी अडखळू नये आणि आतली काजळी मऊ राहावी, यासाठी होती. — संपा.