देवाला द्यायचं चाक

मध्ययुगीन इंग्लंडात घोडागाडीखाली सापडून कुणी मेलं, की कॉरोनरच्या (अकस्मात मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ज्युरीला एक विचित्र हिशेब करावा लागे. मारलं कशानं, चाकानं की अख्ख्या गाडीनं? उभ्या गाडीच्या चाकावरून माणूस घसरून पडला असेल तर जप्ती फक्त चाकाची. गाडी चालती असेल तर गाडी आणि घोडे, सगळंच गेलं. जीव घेणाऱ्या या वस्तूला म्हणत डिओडँड. लॅटिन ‘देओ दांदुम’चं हे इंग्रजी रूप. अर्थ, देवाला द्यायचं ते. ज्युरी वस्तूची किंमत ठरवी, रक्कम राजाकडे जाई आणि राजानं ती धर्मादाय खर्चावी अशी समजूत होती. पुढे राजांनी हा हक्कच सरदार-जमीनदारांना देऊन टाकला. देवाच्या नावानं काढलेला पैसा वाटेत कुठं मुरतो, हे आपल्या वाचकाला सांगायला नको.

हसू नये. जीव घेतलेली विहीर बुजवून टाकणारी माणसं आपल्याकडेही आहेत. अठराव्या शतकापर्यंत डिओडँडची प्रथा नावापुरतीच उरली होती. ज्युरी चार पेन्या लावून मोकळी होई. मग रेल्वे आली.

२४ डिसेंबर १८४१च्या पहाटे लंडनच्या पॅडिंग्टनहून ब्रिस्टलकडे निघालेली एक मालगाडी रेडिंगजवळ सॉनिंगच्या खोदकामात शिरली. पावसानं कडेची दरड रुळांवर आली होती. ‘हेक्ला’ नावाचं इंजिन तिच्यात रुतलं. गाडीत बरेचसे प्रवासी होते पाथरवट. पार्लमेंटची नवी इमारत बांधायच्या कामावरून ते नाताळला घरी निघाले होते. स्वस्त तिकिटाच्या या लोकांना बसायला होते बुटक्या कडांचे उघडे डबे, तेही इंजिनाला लागून; मागे मालाच्या जड वाघिणी. इंजिन थांबलं, मागचं वजन थांबलं नाही. आठ जण जागीच गेले, नववा इस्पितळात. ज्युरीनं इंजिन आणि डब्यांवर एक हजार पौंडांचा डिओडँड ठोठावला.

रेल्वे कंपन्यांना हे परवडण्यासारखं नव्हतं. चाक जप्त करायचा कायदा एवढ्या महाग चाकासाठी केलेलाच नव्हता. दुसरीकडे मेलेल्याच्या घरच्यांना मात्र कायद्यानं काहीच मिळत नसे. १८०८ सालच्या एका निकालात लॉर्ड एलनबरोंनी सांगून ठेवलं होतं, की माणसाचा मृत्यू ही दिवाणी कोर्टात भरपाई मागण्याजोगी इजाच नव्हे. त्या खटल्यातल्या नवऱ्याला घोडागाडीच्या अपघातात जखमी झालेल्या बायकोबद्दल पैसे मिळाले, पण ती जिवंत होती तेवढ्याच दिवसांचे.

१८४६च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड कॅम्बेल यांच्या पुढाकारानं दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. डिओडँड रद्द झाला आणि मृताच्या कुटुंबाला दावा लावायचा हक्क मिळाला. बोरीबंदर-ठाणे गाडी धावून दोन वर्षं होताहेत तोच, १८५५ साली, हाच हक्क कायद्यानं हिंदुस्थानात आला. डिओडँडला मात्र इकडे निरोप द्यायला उशीर झाला. १८७१च्या कॉरोनर्स अ‍ॅक्टात, मुंबई-कलकत्त्याच्या कॉरोनरांची कामं सांगताना, तो रद्द झाल्याचं एक छोटं वाक्य आहे.

सुधारणा मोठी होती, पण तिच्यात मापच बदललं. पूर्वी किंमत मारणाऱ्या वस्तूची व्हायची, आता मेलेल्याच्या कमाईची होऊ लागली. पाथरवट मेला तर पाथरवटाच्या मजुरीचा हिशेब. गरिबाला मारणं स्वस्त पडतं, ते इथून.

१८६८मध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सनं आणखी एक पाऊल टाकलं. गिरणीच्या तलावाचं पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरलं होतं. धोक्याची वस्तू आपल्या जागेत आणून ठेवणाऱ्याची, निष्काळजी नसला तरी, जबाबदारी राहते असं ठरलं. पळवाटाही होत्याच: दैवी कोप, तिऱ्हाइताचं कृत्य, पीडिताची स्वतःची चूक, कायद्याची मुभा.

त्या पळवाटा भारतात बुजल्या. भोपाळच्या वायुकांडाचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. ४ डिसेंबर १९८५ला दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायू सुटला. तीस हजारी कोर्टातले एक वकील त्यात गेले. त्या कारखान्याविरुद्ध एम. सी. मेहता यांची याचिका आधीच सर्वोच्च न्यायालयात होती. २० डिसेंबर १९८६ला, निवृत्तीच्याच दिवशी, सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पाच जणांच्या पीठानं सांगितलं, की घातक धंदा करणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण, तिला एकही अपवाद नाही. आणि भरपाई किती, तर कंपनी जेवढी मोठी नि सधन तेवढी जास्त. मला या दुसऱ्या वाक्याचं अप्रूप जास्त वाटतं. भगवतींच्या मनात डिओडँड असेल असं मी म्हणत नाही. पण माप पुन्हा मेलेल्याच्या खिशावरून मारणाऱ्याच्या वजनावर आलं.

भोपाळच्या धक्क्यानं जन्मलेला हा नियम भोपाळला मात्र लागलाच नाही. फेब्रुवारी १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. १९९१मध्ये तिच्या फेरविचारात तेव्हाचे सरन्यायाधीश रंगनाथ मिश्रा म्हणाले, की मेहता निकालातलं ते म्हणणं ओघात केलेलं भाष्य होतं. राजस्थानातल्या बिछडी गावाची विषारी झालेली माती आणि विहिरी कोर्टापुढे आल्या तेव्हा, फेब्रुवारी १९९६मध्ये, दुसऱ्या पीठानं ते बंधनकारक ठरवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात भोपाळच्या आरोपींवरचं कलम सौम्य होऊन भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ वर आलं, म्हणजे भरधाव गाडीखाली माणूस मारणाऱ्या ड्रायव्हरला तेव्हा लावत ते.

अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनला भोपाळच्या कोर्टानं १९९२मध्येच फरार घोषित केलं होतं. हेक्ला इंजिनाला निदान पळता येत नव्हतं. ७ जून २०१०ला युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीच्या सात अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची कैद आणि त्या कंपनीला पाचेक लाखांचा दंड झाला. सातही जण त्याच दिवशी जामिनावर सुटले.