बंड्याचा पाय आणि ऑलिनची कुत्री

आमचा बंड्या (लॅब्रडॉर, वय दीड वर्ष) पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकायचा. आम्ही हसायचो. मग सकाळी उठताना तो अडखळायला लागला, बसला की बसलेलाच राहायला लागला. आजी म्हणाली, "काटा गेला असेल रे, पंजा बघ नीट." पंजे तपासले, नखं तपासली, काहीच नाही. शेवटी डॉक्टरांनी एक्स-रे लावून दाखवला. मांडीच्या हाडाचं गोल डोकं खुब्याच्या उखळीत नीट बसलेलंच नव्हतं. हिप डिस्प्लेसिया.

मग काय, रात्री जागून वाचत बसलो.

कुत्र्यांमधला हा दोष पहिल्यांदा लिहून ठेवला तो बोस्टनच्या गेरी श्नेल या पशुवैद्याने, 1935 साली. म्हणजे एक्स-रे हाताशी आल्यावरच. त्याआधीही कुत्री लंगडत असणारच, पण म्हातारपण, संधिवात, मार लागला असेल, असं म्हणून लोक सोडून देत असावेत.

पुढची गोष्ट जॉन ऑलिनची. बंदुकीच्या काडतुसांचा अमेरिकन कारखानदार आणि शिकारी लॅब्रडॉरचा भलताच शौकीन. त्याचा किंग बक 1952 आणि 1953 अशी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय विजेता ठरला, 1959 साली तिथल्या सरकारी बदकांच्या तिकिटावरही झळकला. अशा माणसाच्या कुत्र्यांमध्ये खुब्याचा हा दोष निघाला! पैसा होता, चीडही असणार. 1966 मध्ये त्याने संस्था उभी केली. कुत्रा दोन वर्षांचा झाला की खुब्याचा एक्स-रे पाठवायचा, तीन तज्ज्ञ तो वेगवेगळे बघून श्रेणी देतात, आणि चांगल्या खुब्याच्या जोड्यांचीच पैदास करायची. आजही हेच चालतं. पण दोष एका जनुकाचा नसल्यामुळे चांगल्या आईबापांच्या पोटीही लंगडी पिल्लं येतातच.

इथवर वाचून मला बरं वाटत होतं. खोट रक्तातली, आमचा काय दोष!

मग 1992 चा एक अभ्यास सापडला. लॅब्रडॉरची 48 पिल्लं, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या. एकाला हवं तेवढं खायला, दुसऱ्याला त्याच्यापेक्षा पाव हिस्सा कमी. खाणं तेच, रक्त तेच. दोन वर्षांनी एक्स-रे काढले तेव्हा कमी खाणाऱ्यांत बिघडलेले खुबे निम्म्याहूनही कमी होते. पुढे 2002 मध्ये आयुष्याचे आकडे आले: मध्यमान 13 वर्षं, भरपेट खाणाऱ्यांचं 11.2. म्हणजे जन्मतः उखळी ठीक असते, आणि वाढत्या वयात वजन चढलं की सैल सांधा आणखी बिघडत जातो.

आणि आम्ही? तूप लावलेल्या पोळ्या. दूधभात. "खातंय बिचारं, खाऊ दे." गुबगुबीत पिल्लू बघून सोसायटीतली पोरं जीव टाकायची.

नॉर्वेतला 2012 चा अभ्यास तर वाचवेना. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांना धोका जास्त, मऊ मातीत मोकळं बागडणाऱ्यांना कमी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, घरभर गुळगुळीत फरशी. बंड्या आमच्याकडे आला तो दीड महिन्याचा.

असो. फरशीवर जुन्या सतरंज्या टाकल्यात, जिन्यावरून त्याला मी उचलून नेतो (आता 34 किलो, कंबर माझीच जाणार). खाणं वाटीने मोजून. आजीला सगळं समजावून सांगितलं, तिने मान डोलावली. काल जेवताना तिचा डावा हात टेबलाखाली होता.